ढुंढिराज टोकेकरांचा उजवा हात

काशीच्या दूधविनायकावर जन्मलेल्या मराठी माणसाने पोटासाठी काय करावे, याबद्दल त्या गल्लीत फारसे मतभेद नव्हते. वेद म्हणावेत, शास्त्र सांगावे, पोरे शिकवावीत. यातले काहीच जमले नाही तर दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंना पंचगंगा घाटावर संकल्प सांगावा. ढुंढिराज बिंदुमाधव टोकेकर याने सतरा वर्षे फुटबॉल अडवला. मारला नाही, अडवला; तो बॅक होता. सतरा वर्षांत त्याच्या नावावर एकही गोल नाही आणि याची त्याला खंत नव्हती. गोल करणे हे त्याच्या मते दुसऱ्याचे काम होते, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्याची टोकेकरांच्या घरात पद्धत नव्हती.

घरातले काम वेगळेच होते. वडील बिंदुमाधवभट्ट, ज्यांना घरात अण्णा म्हणत, ते शुक्ल यजुर्वेदाचे घनपाठी. घनपाठ म्हणजे मंत्रातले शब्द आधी सुलटे म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सुलटे, मग पुढचा एक शब्द घेऊन पुन्हा मागे यायचे. असे करत करत एक ओळ दुपारपर्यंत पुरवता येते. शिवाय या शाखेत स्वर नुसत्या तोंडाने म्हणून भागत नाही, तो उजव्या हातानेही दाखवावा लागतो. हात इथे गेला की हा स्वर, तिथे गेला की तो. हात चुकला तर मंत्र चुकला. त्यामुळे टोकेकरांच्या घरात मुलगा जन्मला की त्याच्या नाकाडोळ्यांच्या आधी उजवा हात पाहत.

ढुंढिराजचा हात चांगला निघाला. आठव्या वर्षी मुंज झाली, त्याच दिवसापासून अण्णांनी त्याला समोर बसवले. अठराव्या वर्षी तो बालाजी घाटावरच्या वसंतपूजेत अण्णांच्या शेजारी बसू लागला. चैत्रात ही वसंतपूजा होई. वैदिक समोरासमोर दोन पंक्तींत बसत, कपाळाला गंध लागे, हातात पन्ह्याचा पेला येई, आणि मग दोन्ही पंक्ती मंत्र म्हणू लागत. पन्नास उजवे हात एकदम वर जात आणि एकदम खाली येत. त्या पंक्तीतली जागा वारशाने मिळे आणि चारित्र्याने टिके. तिथून उठवलेला माणूस पुन्हा बसल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते.

हे सगळे सकाळचे. संध्याकाळी ढुंढिराज बंगाली टोला या बंगाल्यांच्या मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळे. घरात हे ठाऊक होते. कोणी विचारत नसे, कारण विचारले असते तर त्याने सांगितले असते, आणि मग काहीतरी करावे लागले असते.

ते करण्याची वेळ १९१२ साली आली. हुगळीकाठच्या एका तागाच्या गिरणीचा संघ छावणीच्या मैदानावर सामना खेळायला काशीस आला. गिरणीचा साहेब स्कॉच होता आणि त्याला जगात दोनच गोष्टी कळत, ताग आणि फुटबॉल. त्याच्या पाच फॉरवर्डांना एका शेंडीवाल्या पोराने दीड तास गोलाजवळ फिरकू दिले नाही. संध्याकाळी साहेबाने त्याला बोलावून नोकरी देऊ केली. कागदोपत्री गोदामाचा कारकून, काम फुटबॉल. त्या काळी पैसे घेऊन खेळणे सभ्य समजत नसत, म्हणून सगळे चांगले खेळाडू कुठल्या ना कुठल्या गोदामाचे कारकून असत, आणि कलकत्त्यातली गोदामे कोण सांभाळत होते हे देवालाच माहीत.

अण्णा वेद म्हणत, निर्णय देत नसत. प्रश्न त्यांच्या धाकट्या भावाकडे गेला.

यज्ञेश्वरशास्त्री टोकेकर हे धर्मशास्त्री. हिंदुस्थानात कुठेही, काही नवीन निघाले की ते धर्माला चालते की नाही हे विचारायला काशीस पत्र येई, आणि काशीचे शास्त्री सह्या करून व्यवस्थापत्र पाठवत. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी आगबोटीतल्या पाण्यावर व्यवस्था दिली होती, विलायती साखरेवर दिली होती, आणि नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते हे उघडकीस आले तेव्हा तर सबंध पावसाळाभर वाद केला होता. फुटबॉलने ते मुळीच डगमगले नाहीत.

“गेंद कशाचा असतो?” त्यांनी विचारले. काशीतल्या मराठी घरांत चेंडूला गेंदच म्हणतात.

“चामड्याचा, काका.”

“कुठल्या जनावराच्या?”

“विचारलं नाही.”

“उत्तम. विचारूही नकोस. आणि खेळतात कशाने?”

“पायाने.”

“मग वाहाणा आम्हीही घालतो,” शास्त्रीबुवा म्हणाले आणि लेखणी बुडवली.

आठ दिवसांनी पत्र तयार झाले. पायास चामडे लागले तर दोष नाही, पाय धुवावेत. मस्तक हे उत्तमांग, त्यावर शिखा, म्हणून मस्तकाने खेळू नये. हातास चेंडू चुकून लागला तर नेसत्या वस्त्रानिशी स्नान करावे. जाणूनबुजून हात लावला तर तो हात स्वर दाखवण्याच्या योग्यतेचा राहिला नाही; अशा माणसाने वैदिकांच्या पंक्तीतून उठावे. खाली पाच पंडितांच्या सह्या. छाती, पाठ, खांदा आणि गुडघा यांबद्दल पत्र गप्प होते. सह्या करणाऱ्या पाचांपैकी एकानेही फुटबॉल पाहिलेला नव्हता, आणि पायाने खेळायची वस्तू छातीपर्यंत येईल कशाला, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

हे पत्र पेटीच्या तळाशी ठेवून ढुंढिराज कलकत्त्यास गेला, आणि एका कागदाने एखाद्या खेळाडूचा खेळ घडवावा तसा त्याचा खेळ घडला. हात चुकूनही पुढे जाऊ नयेत म्हणून तो ते पाठीमागे घेई आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून उभा राही; संध्याकाळी घाटावर फिरायला आलेला पेन्शनर उभा राहतो तसा. असा माणूस समोर दिसला की फॉरवर्डांना आधी हसू येई, मग राग. गोऱ्या पलटणीतल्या एका सार्जंटाला वाटले, हा आपला अपमान करतो आहे. त्याने डावीकडून काढून पाहिले, उजवीकडून काढून पाहिले; दोन्ही वेळा चेंडू ढुंढिराजच्या पायापाशी आणि हात अजून पाठीमागेच.

डोक्याने खेळायचे नाही हे जास्त अवघड होते. उंच चेंडू आला की बाकीचे उडी मारत. हा दोन पावले मागे सरून तो कुठे पडणार हे बघे आणि तिथे जाऊन उभा राही. फारच झाले तर छाती पुढे करी. पत्रात नसलेल्या सगळ्या अवयवांवर त्याने सतरा वर्षे चरितार्थ चालवला. मोसम संपवून तो चैत्रात घरी येई तेव्हा त्याची बायको बकुळ पाठीला तेल लावताना म्हणे, “अहो, शास्त्रकार जे जे लिहायला विसरले ते सगळं तुमच्या अंगावर उठलंय.”

बुटांचे साहेबाने फार मनावर घेतले होते. त्याने चांगला जोड मागवला. ढुंढिराजने पाहिला आणि विचारले, याच्या नाड्या बांधायच्या कोणी? साहेबाने जोड परत पाठवला. बाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकायचा तर तेही दुसराच कोणी करी. सामना संपला की ढुंढिराज गिरणीच्या धक्क्यावरून हुगळीत उतरून बुडी मारी. हुगळी म्हणजे गंगाच. तेवढी त्याची सोय काशी सोडूनही राहिली होती. कलकत्त्याचे प्रेक्षक त्याला पंडित म्हणत. अकरा मोसम गेले, एकदाही त्याच्या हाताला चेंडू लागला नाही. मैदानावर हा विक्रम होता. दूधविनायकावर ते किमान होते.

१९२३ च्या ऑगस्टात गिरणीचा संघ एका ढालीच्या अंतिम सामन्याला पोचला. समोर गोरी पलटण, पायांत बूट आणि जिभेवर शिव्या. पाऊस सकाळपासून. गिरणीने पहिल्याच दहा मिनिटांत एक गोल केला आणि उरलेला वेळ त्यावर बसून काढला. शेवटची चार मिनिटे राहिली होती तेव्हा गोलकीपर चिखलात घसरून आडवा झाला, आणि चेंडू रिकाम्या गोलात निघाला. रेषेवर एकटा ढुंढिराज. चेंडू त्याच्या कानाच्या उंचीवरून, एक हात बाजूने चालला होता. छाती तिथे पोचत नव्हती. खांदा पोचत नव्हता. पत्रात नसलेला एकही अवयव पोचत नव्हता.

डोके पोचले असते कदाचित, पण ते लावायची त्याला सवय नव्हती.

पुढे लोकांनी त्याला विचारले तेव्हा तो म्हणे, फार थोडा वेळ होता. हे खरे नव्हते. वेळ भरपूर होता. त्याला आठवत होते की आपण डाव्या हाताने उजवे मनगट धरले आहे. ते आपण सोडले, हे आठवत होते. कुठला हात पुढे करावा याचाही क्षणभर विचार झाला, आणि उजवा हात जास्त तयारीचा म्हणून तोच केला. बारा वर्षांचा स्वराचा रियाज त्या हाताला होता. जिथे जायला हवे होते तिथे तो अचूक गेला.

पंचाने शिट्टी वाजवली. पेनल्टी. त्याच सार्जंटाने ती मारली आणि गोलाच्या बरीच वरून घालवली. ढाल गिरणीला मिळाली. साहेबाने ढुंढिराजला मिठी मारली. यावर व्यवस्थापत्रात काय आहे हे पाहण्याइतके त्या वेळी कोणी शुद्धीवर नव्हते. ढुंढिराज रात्र पडायच्या आत हुगळीवर गेला. नेहमी एक बुडी मारी. त्या दिवशी किती मारल्या त्याने मोजले नाही. वर आला तेव्हा हात तोच होता.

ही गोष्ट तिथेच बुडाली असती. दूधविनायकावर बंगाली वर्तमानपत्र कोणी वाचत नव्हते आणि इंग्रजी वाचणारे फुटबॉलचे पान उलटत. पण बकुळचा भाऊ दत्तात्रेय हा इंग्रजी शाळेत मास्तर होता, आणि मेहुण्याचे नाव इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलेले पाहून त्याला भरून आले. त्याने पाव शेर पेढे घेतले, दूधविनायकावर आला आणि सगळ्यांना जमवून ती बातमी मराठीत करून वाचली. दत्तात्रेयाचे इंग्रजी व्याकरण निर्दोष होते. “आणि टोकेकर यांनी,” तो खणखणीत आवाजात म्हणाला, “अत्यंत जाणूनबुजून, आपल्या उजव्या हाताने चेंडू थोपवला, आणि आपल्या पक्षाचा विजय वाचवला!”

पेढा कोणी तोंडात घातला नाही. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी कात्रण मागून घेतले आणि पोथीत दाबून ठेवले.

बकुळने कलकत्त्याला कार्ड टाकले: दादाने पेढे वाटले. काकांनी कात्रण ठेवून घेतले. अण्णा काही बोलले नाहीत. प्रकृतीस जपावे.

ढुंढिराजला चैत्रात न येण्याची सोय होती. गिरणीत हॉकी सुरू झाली होती, साहेबाने थांबवले असते. वसंतपूजा चुकली तर लोक म्हणाले असते, नोकरी. पण न जाणे हेही एक प्रकारचे उत्तरच, आणि ते त्याला द्यायचे नव्हते. तो आला. विचारले तर खरे सांगायचे एवढे त्याने गाडीतच ठरवले होते. बारा वर्षे त्या तोंडाने वेद म्हटला होता. हात गेला तो गेला, निदान तोंड तरी ठेवावे.

“विचारतील तेव्हा म्हणा, पावसात काही दिसलं नाही,” बकुळ म्हणाली.

“मला दिसलं होतं.”

“तुम्हाला काय दिसलं ते कोण विचारतंय? काय म्हणायचं ते सांगतेय मी.”

जेवताना अण्णांनी त्याला दुसऱ्यांदा भात वाढायला सांगितला आणि मग, पानाकडे बघत, विचारले, “त्या खेळात हात लावला तर शिक्षा काय?”

“पेनल्टी, अण्णा. त्यांचा एक माणूस बारा पावलांवरून गेंद मारतो. मध्ये फक्त आमचा गोलकीपर.”

“चुकू शकतो मारणारा?”

“चुकला.”

“आणि हात न लावता गेला असता तर?”

“गोल. मग काही उपाय नाही.”

“हं,” अण्णा म्हणाले, आणि ताक मागितले.

वसंतपूजेला पाच दिवस उरले असताना यज्ञेश्वरशास्त्र्यांकडे सभा बसली. मूळ पत्रावर सही केलेल्या पाचांतले तिघे हयात होते, तेही आले. वाद अर्ध्या दिवसात भलतीकडे गेला. कात्रण हे शब्दप्रमाण मानायचे का? पंच हा आप्त, म्हणजे भरवशाचा साक्षीदार, का? एक शास्त्री म्हणाले, गोमांस खाणाऱ्याच्या शिट्टीवर आपण आपला वैदिक उठवायचा? यज्ञेश्वरशास्त्री म्हणाले, नैयायिकांच्या मते ज्याने स्वतः पाहिले आणि ज्याला खोटे बोलायचे कारण नाही तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेच्छ. हे अडचणीचे होते, कारण बरोबर होते. त्या पंचाला टोकेकरांच्या घराचे वाईट करण्याचे काही कारण नव्हते. त्याला टोकेकरांचे घरच ठाऊक नव्हते.

“त्यापेक्षा ढुंढ्यालाच विचारू,” यज्ञेश्वरशास्त्री शेवटी म्हणाले. ते पुतण्यावर रागावलेले नव्हते. पत्र त्यांनी लिहिले होते आणि अक्षराला धरून चालणे हा त्यांचा धंदा होता. “ढुंढ्या, इकडे बघ. हात जाणूनबुजून लावलास का?”

ढुंढिराजने तोंड उघडले.

“थांबा,” अण्णा म्हणाले.

अण्णा सभेत बोलत नसत. शास्त्री बोलतात, वैदिक म्हणतात, अशी वाटणीच होती. सगळे वळून बघू लागले.

“यज्ञेश्वर, तू गेंद पाहिला आहेस?”

“नाही, दादा.”

“यांच्यापैकी कोणी?”

कोणीच पाहिला नव्हता.

“बारा वर्षांपूर्वी न पाहता पत्र दिलंत. आता न पाहता माणूस उठवताय. आधी गेंद दाखवा. तो येतो कसा, किती वेळ देतो, ते बघू. मग विचारा त्याला.”

सभा चेंडू बघायला तयार झाली. गल्लीत चेंडू आणायचा म्हणजे घरोघरी स्नाने झाली असती, घाटावर आणायचा म्हणजे तमाशा. तेव्हा ठरले की पलीकडच्या तीरावर, वाळूत. काशीकर त्या तीराला पुण्याच्या हिशेबात धरत नाहीत. तिथे मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो म्हणतात. बाटण्यासारखे तिथे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी घाटावरून दोन नावा सुटल्या. पहिलीत शास्त्री, दुसरीत अण्णा, ढुंढिराज आणि बंगाली टोल्यातून उसना आणलेला चेंडू. चेंडू पुढच्या टोकाला एकटाच बसवला होता. नावाड्याने त्याच्याकडे पाहिले, मग अण्णांकडे पाहिले.

“का हो गुरू,” तो म्हणाला, “आज पंडित लोग गेंद खेलिहैं का?”

“हां भय्या,” अण्णा म्हणाले. “नाव चलाव.”

वाळूत दोन वल्ही रोवून गोल केला. शास्त्री वीस पावलांवर ओळीने उभे राहिले, उपरणी सावरून. ढुंढिराजने चेंडू पायाने ढकलत आणला आणि विचारले, गोलात कोणी उभे राहायचे? शास्त्र्यांनी एकमेकांकडे पाहिले. नावाड्याला उभा करावा, असे कोणी तरी म्हणाले.

“नावाड्याच्या हाताने काय सिद्ध होणार?” अण्णा म्हणाले आणि दोन वल्ह्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

सत्तरीचे अण्णा, पांढरे धोतर, खांद्यावर उपरणे, दोन्ही हात पाठीमागे. डाव्या हाताने उजवे मनगट धरलेले. ही ढब त्यांना कोणी शिकवली ते ढुंढिराजला कळेना. मग लक्षात आले की मुळात ती त्यांचीच होती, आपणच लहानपणी घाटावर बघून उचलली.

“मार,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तुम्हाला लागेल.”

“मार म्हणतो ना.”

ढुंढिराजने हळूच मारला. चेंडू अण्णांच्या डाव्या बाजूने, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, निवांत गेला. अण्णांनी तो येताना पाहिला, शेजारून जाताना पाहिला, आणि मान वळवून मागे जाऊन थांबेपर्यंत पाहिला. हात पाठीमागेच.

“बघा,” एक शास्त्री म्हणाले. “मनात नसलं की हात जात नाही. पंचाचं खरं.”

ढुंढिराजने वल्ह्यांमागे जाऊन चेंडू पायाने परत आणला.

“हा काय मारणं झालं?” अण्णा म्हणाले. “पोराला बाराखडी शिकवतोस का? कलकत्त्यात मारतात तसा मार.”

ढुंढिराज चार पावले मागे गेला. त्याने बारा वर्षांत कधी गोलावर चेंडू मारला नव्हता; त्या सकाळी पहिल्यांदाच मारला, आणि तो त्याच्या कल्पनेपेक्षा जोरात गेला. अण्णांच्या दिशेने, कानाच्या उंचीवर, एक हात बाजूने.

फाट् असा आवाज झाला.

अण्णांचे उपरणे खाली पडले होते. चेंडू त्यांच्या दोन्ही हातांत होता, उजवा वर, डावा खाली, आणि त्यांनी तो छातीशी घट्ट धरला होता. काशीतला सगळ्यांत शुद्ध समजला जाणारा उजवा हात सियालकोटला शिवलेल्या चामड्यावर पंजा पसरून बसला होता.

“हात गेले,” अण्णा म्हणाले.

“आपोआप गेले!” यज्ञेश्वरशास्त्री ओरडले. “पाहिलंत ना? दादांचे! दादांचे हात जर आपोआप जातात, तर या पोराचं काय घेऊन बसलात?”

तिघांनीही मान डोलावली. दुसरे काही करणे शक्यच नव्हते. बिंदुमाधवभट्टांचा हात जाणूनबुजून चामड्याला लागला, असे म्हणायचे तर मग वसंतपूजाच गुंडाळून ठेवावी लागली असती. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी तिथेच वाळूवर बोटाने नवी व्यवस्था लिहून दाखवली: वेगाने आलेल्या चेंडूस हात लागणे हे इच्छेने नव्हे, देहधर्माने होते, स्नान पुरे. मग अण्णांना हात द्यायला म्हणून ते धावले, त्यांना शिवले, शास्त्र्यांना शिवले, आणि थोड्याच वेळात सगळी सभा धोतरासकट गंगेत उभी होती. नावाडी म्हणाला की असा खेळ त्याने आधी पाहिला नव्हता, पण यातला शेवटचा भाग बरा होता.

पुढचे सगळे सुरळीत झाले. चौथ्या दिवशी बालाजी घाटावर दोन्ही टोकेकर शेजारी शेजारी बसले आणि दोघांचे हात एकदम वर गेले. ढुंढिराज आणखी सहा मोसम खेळला. ऑफसाइडचा नियम बदलला, त्याच्या वयाचे निम्मे बॅक त्या बदलाने घरी बसले, हा टिकला. चेंडूला हात पुन्हा लागला नाही. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तो काशीस परतला, अण्णांनी राहिलेला घन त्याला पुरा करून दिला, आणि मग पुष्कळ वर्षे तो पोरांना संथा देत राहिला. पोरांचे उच्चार चुकले तर तो रागावत नसे. हात चुकला तर रागावे.

पण त्या सकाळी हे पुढचे काही ठाऊक नव्हते. शास्त्र्यांची नाव पुढे निघून गेली होती. मागच्या नावेत बापलेक ओले बसले होते, मध्ये चेंडू. पलीकडे घाटाच्या पायऱ्या उन्हाला लागल्या होत्या. ढुंढिराजने म्हणून टाकले.

“अण्णा, माझा हात आपोआप गेला नव्हता.”

अण्णा उपरणे पिळत होते.

“मला विचारलं असतं तर मी सांगणार होतो. मी मनगट सोडलं, बघितलं आणि घातला. उद्या मी काकांना सांगतो. तुमचा गेला तो गेला, त्याला इलाज नव्हता. माझं तसं नाही.”

“मी काय म्हणालो वाळूत?” अण्णांनी विचारले.

“हात गेले म्हणालात.”

“आपोआप कोण म्हणालं?”

ढुंढिराजने आठवून पाहिले. “काका.”

अण्णांनी उपरण्याला आणखी एक पीळ दिला. ढुंढिराजला पहिला चेंडू आठवला. अण्णांनी तो येताना, जाताना, थांबताना कसा पाहिला होता ते. दुसरा जोरात मारायला कोणी सांगितले तेही आठवले.

“अण्णा,” तो हळूच म्हणाला, “का?”

“तू का घातलास?”

“गोल जात होता.”

अण्णांनी पिळलेले उपरणे झटकले, खांद्यावर टाकले, आणि घाटाकडे बघत म्हणाले, “माझाही.”